बमरोलीच्या मागांवरचे एजंट

शेठांना मी पहिल्यांदा ‘एजंट’ म्हणाले, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “बेन, ए केटला टका लेशे?”

सुरतेत एजंट म्हणजे कापड मार्केटमधला दलाल. व्यापारी आणि कारखानदार यांच्यामध्ये बसून दोन्हीकडचा टक्का घेणारा. शेठांचा अर्धा दिवस अशाच माणसांशी फोनवर बोलण्यात जायचा. त्यात आता एक बाई त्यांच्या ऑफिसात येऊन सांगत होती की तुमच्या प्रत्येक मागावर मी चार-पाच एजंट बसवणार. त्यांना काळजी वाटली यात नवल नव्हतं.

“हे टक्का घेत नाहीत, शेठ,” मी म्हणाले. “थोडी जागा घेतात तेवढीच. आणि ती माझ्याकडे मुळातच कमी आहे.”

शेठ हसले. “तो पछी बेसाडो,” म्हणाले. मग बसवा.

मी सुरतेतल्या उधन्यात वाढले. वडील बँकेतल्या बदलीवर नाशिकहून आले आणि इथलेच झाले. आई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची. घरात मराठी, जिन्यावर गुजराती आणि रिक्षात हिंदी बोलत आम्ही मोठे झालो. इंजिनिअर झाल्यावर मी काही वर्षं पुण्यात होते. मोटारींच्या दारात, सीटखाली, आरशामागे ज्या बारीक बारीक चिपा बसतात, त्यांच्यासाठी मी प्रोग्रॅम लिहायचे. काम चांगलं होतं, पण मी लिहिलेलं कुठल्या गाडीत गेलं आणि कुणाच्या उपयोगी पडलं हे कधी कळायचं नाही. मी सुरतेला परत यायचं ठरवलं तेव्हा ऑफिसातल्या लोकांना वाटलं, घरी काहीतरी अडचण असणार. अडचण कसलीच नव्हती. ज्या शहरात चोवीस तास लाखो यंत्रं खडखडत असतात, तिथे यंत्रांना शहाणं करणाऱ्या माणसाला काम मिळणार नाही, असं मला एकदाही वाटलं नाही.

काम मिळालं ते कतारगाममध्ये. तिथे एका जुन्या इमारतीत खाली हिरे घासायचा कारखाना आणि वर सर्किट बोर्ड जोडायचं वर्कशॉप होतं. वर्कशॉपचे मालक माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. भावनगरकडून पोरवयात हिऱ्याच्या कामाला आलेले, बरीच वर्षं घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर बसलेले, मग लेसरची यंत्रं दुरुस्त करता करता स्वतःच बोर्ड बनवायला लागलेले. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला बेन. आम्ही भागीदारी केली. बोर्ड त्यांचा, त्यातलं डोकं माझं.

आमचं पहिलं मोठं काम म्हणजे शेठांचं बमरोलीतलं खातं. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खाली एक हॉल, वर एक हॉल, दोन्हीकडे मागांच्या रांगा. प्रत्येक मागाच्या कडेला एक डबी बसवायची होती. उभा धागा तुटला तर तिनं ओळखायचं, आडव्या धाग्याची बॉबिन संपली तर ओळखायचं, मोटर तापली तर ओळखायचं, आणि काहीही बिनसलं की भोंगा वाजवायचा. भाईंनी निवडलेली चिप करंगळीच्या नखाएवढी होती. मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. पण ती उन्हाळ्यात तापायची नाही, धुळीला दाद द्यायची नाही, आणि बाजारात कधीही मिळायची.

तिच्यासाठी मी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो एकसंध. सगळी कामं एकातच गुंफलेली. काही दिवस ठीक चाललं. मग शेठ मागण्या करायला लागले. साडीचं कापड सोडून ड्रेसचं घेतलं, आता धागा बारीक आहे, जरा उशिरा ओरडू दे. भोंगा फार वेळ वाजतो, कमी कर. प्रत्येक वेळी मला बमरोलीला जाऊन एकेक डबी उघडावी लागायची, माग थांबवावा लागायचा, वायर जोडून सगळा प्रोग्रॅम पुन्हा भरावा लागायचा. माग थांबला की विणकराचं काम थांबतं, आणि त्याची मजुरी मीटरवर. त्यामुळे मी हॉलमध्ये शिरले की तोंडं फिरायची. त्यांचं चुकत नव्हतं.

एकदा वर्कशॉपमध्ये मी भोंग्याची वेळ कमी करून बोर्ड भाईंकडे तपासायला दिला. ते नेहमी केस वाळवायच्या मशिनची गरम हवा सेन्सरवर सोडून मोटर तापल्याचं नाटक करायचे. त्यांनी हवा सोडली. बराच वेळ सोडली.

“बेन,” ते म्हणाले, “मोटर तो बळी गई, ने आ डबी चूप छे.” मोटर जळून गेली आणि ही डबी गप्प.

मी फक्त भोंग्याला हात लावला होता आणि तापमानाची सूचना मुकी झाली होती. आत दोघं एकाच घड्याळावर चालत होते. मी ते दहा मिनिटांत दुरुस्त केलं असतं. पण बोर्ड बाजूला ठेवला आणि भाईंना म्हणाले, “हे सगळं मोडून पुन्हा बांधायचं.”

“मोठी चिप घेऊ या ना,” ते म्हणाले.

“मोठी चिप घेतली तर मोठा गुंता मावेल, भाई. गुंताच नको.”

त्यानंतरचे महिने हे माझ्या आजवरच्या कामातले सगळ्यात सुखाचे. मी प्रत्येक काम सुटं केलं, एकेका कामाचा एकेक लहानसा स्वतंत्र प्रोग्रॅम. त्यालाच मी एजंट म्हणायचे. उभ्या धाग्यावर लक्ष ठेवणारा एक एजंट, आडव्या धाग्याचा दुसरा, मोटरचा तिसरा, भोंगा वाजवणारा चौथा. कुणी कुणाला ओळखायचं नाही. मधे एक फळा ठेवला. धाग्याच्या एजंटला धागा तुटलेला दिसला की त्यानं फळ्यावर तेवढंच लिहायचं. ते वाचून काय करायचं, हे भोंग्याच्या एजंटचं काम. उद्या भोंग्याऐवजी दुसरा कुणी आणून बसवला तरी धाग्याच्या एजंटला पत्ता लागायला नको.

या सगळ्यांवर एक मुकादम नेमला. एवढ्याशा चिपमध्ये मुकादमालाही ऐसपैस बसता येत नाही, म्हणून त्याला मोजकेच नियम दिले. आत येणाऱ्या एजंटनं किती जागा लागेल ते दारातच सांगायचं. जागा असेल तर आत, नाही तर बाहेरूनच परत. आत आल्यावर वाढवून मागायची नाही. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ पाळीपाळीनं मिळेल. पाळी आल्यावर जो अडून बसेल त्याला उठवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचं, पण त्याच्यापायी बाकीच्यांचं काम अडू द्यायचं नाही.

हे मला सुचलं कुठून, असं भाईंनी एकदा विचारलं. पुस्तकांतून बरंचसं. पण आमचं उधन्याचं घर दीड खोलीचं होतं. एकाच खोलीत आम्ही झोपायचो, दुपारी तिथेच आईची शिकवणी चालायची आणि पाहुणे आले की तीच बैठक व्हायची. वडील कधी जागेवरून कुरकुरले की आई म्हणायची, “जागा कमी म्हणून रडू नका. कोण कधी उठणार ते ठरवा.” मुकादम लिहिताना मी तिचीच शिस्त लावली.

सगळ्यात कसोटीचं काम होतं ते चालत्या मागावर एजंट बदलायचं. डबीत एक बारकासा रेडिओ होता, तो एका वेळी चिमूटभरच माहिती घेऊ शकायचा. एजंट लहान असल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी येऊ शकत होता. मधेच वीज गेली तर? बमरोलीत ती जायचीच. म्हणून नियम केला की नवा एजंट पुरता पोचल्याशिवाय आणि तपासून झाल्याशिवाय जुन्याला उठवायचं नाही. मी वर्कशॉपमध्ये टेबलाशी बसून एजंट पाठवायचे आणि भाई मुद्दाम मधेच स्विच बंद करायचे. कधी सुरुवातीला, कधी शेवटाला, कधी मी बेसावध असताना. एकदा त्यांनी इतक्या वेळा बंद-चालू केलं की खालच्या हिरेवाल्यांनी वर येऊन विचारलं, लाइनमध्ये फॉल्ट आहे का. डबीनं एकदाही गोंधळ केला नाही. भाईंनी हात झटकले आणि माझ्यासाठी खालून लोचो हा सुरती नाश्ता मागवला. त्यांच्याकडून ही मोठीच पावती होती.

खात्यात नवे एजंट बसवले त्या आठवड्यात मी खालच्या हॉलमध्ये एका विणकराला पाहत होते. धुळ्याकडचे होते, पन्नाशी ओलांडलेले. सुरतेला येऊन निम्म्याहून जास्त आयुष्य झालेलं. त्यांच्याकडे ओळीनं बरेच माग होते आणि ते सारखे मान वळवून मागे बघायचे. एका मागावर धागा जोडताना मधेच थांबून मागे, परत धाग्याकडे, परत मागे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या मागचा एक माग बंद पडला, डबीचा भोंगा वाजत राहिला, आणि ते पाठ करून उभेच.

मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. मागाकडे बोट केलं. ते धावत गेले, धागा जोडला, माग सुरू केला, आणि परत येऊन माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, “माले आयकू येत नही ना, ताई!”

घरी अहिराणी बोलणारा माणूस. मी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशीही तेच बोलायचे.

“अजिबातच नाही?” मी ओरडून विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखला आणि हॉलवरून हात फिरवला. “आठे कोनले येस?” इथे कुणाला येतं? त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि आम्ही त्यांना मदत म्हणून आणखी एक आवाज दिला होता.

डबीवर एक दिवा आधीपासून होता, डबी चालू आहे एवढं दाखवायला. भाईंनी तो चांगला ठसठशीत बसवला होता. मी जिन्यात, जिथे आवाज जरा कमी होता तिथे, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि भोंग्याच्या जागी बसणारा नवा एजंट लिहिला. फळ्यावर काही लिहिलं गेलं की त्यानं दिवा उघडझाप करायचा. उभा धागा तुटला तर भराभर, आडवा संपला तर सावकाश, मोटर तापली तर सलग. चहा येऊन गार व्हायच्या आत तो लिहून झाला. तिथूनच मी तो पाठवला, फक्त त्यांच्या रांगेतल्या मागांना. एकही माग थांबला नाही. एकही डबी उघडावी लागली नाही.

मी हॉलमध्ये परत आले तेव्हा एका मागावरचा दिवा भराभर उघडझाप करत होता आणि ते त्याच्यासमोर उभे होते.

“हाई काय शे?”

मी तुटलेला धागा दाखवला, मग दिवा. त्यांनी धागा जोडला. दिवा शांत झाला. त्यांनी मुद्दाम दुसऱ्या मागाची बॉबिन काढली. दिवा सावकाश लुकलुकायला लागला. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, एकदा, दोनदा. त्या दिवशी त्यांनी मान फार कमी वेळा मागे वळवली, कारण समोरच्या भिंतीवर मागच्या दिव्याची उघडझाप दिसत होती. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, पण फार छान झालं होतं. पुढच्या काही दिवसांत बाकीचे विणकरही मला थांबवायला लागले. ताई, आम्हालाही दिवा. एकाला दिवा आणि भोंगा दोन्ही हवं होतं, एकाला नुसता दिवा. मी ज्याला जे हवं ते पाठवलं. एकाच हॉलमध्ये प्रत्येक डबी थोडी वेगळी झाली आणि मला सांभाळायला काहीच जड गेलं नाही. हॉलमध्ये शिरल्यावर आता तोंडं फिरत नव्हती.

मग एका दुपारी शेठांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बेन, माग बंद पडला की तुमच्या डबीला कळतं. परत सुरू झाला की कळतं. मग मधे कारीगर कुठे होता, चहाला गेला, बिडीला गेला, किती वेळ गेला, हे माझ्या मोबाईलवर येऊ शकतं की नाही?”

“माग किती वेळ बंद होता ते येऊ शकतं.”

“बस. एवढा एक एजंट बसवा. कोणाला बोलायचं नाही.”

मला मनात दिसलं, किती सोपं आहे ते. दिव्याच्या एजंटहूनही लहान झाला असता. गुपचूप रेडिओवरून गेला असता, चालत्या मागावर जाऊन बसला असता, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला कधी कळलं नसतं. जे मी अभिमानानं बांधलं होतं, त्यालाच हे दार होतं.

मी शेठांना म्हणाले, “उद्या सांगते.”

कतारगामला परत आल्यावर भाईंना सांगितलं. ते बोर्डावर सोल्डर लावत होते, मान वर न करता म्हणाले, “खातं त्यांचं, माग त्यांचे. आपण यंत्र विकतो.”

“यंत्र विकतो, भाई. पण हे चोरून नजर ठेवणारं यंत्र आहे.”

“त्यांनी आपल्याला काढलं तर?”

“तर दुसरीकडे विकू. आपला माल चांगला आहे.”

त्यांनी पुढचा बोर्ड ओढला. मी तशीच घरी निघून आले.

रात्रीचं जेवताना मी आईला सगळं सांगितलं. तिला एजंट, रेडिओ यातलं फारसं कळत नाही, पण माणसांचं बरोबर कळतं. ती म्हणाली, “मी इतकी वर्षं हजेरी घेतली. कधी कुणाला तिचा राग आला नाही. का? मोठ्यानं घ्यायचे म्हणून. ज्याचं त्याला ऐकू जायचं. एक हेडमास्तर आले होते, ते खिडकीआडून वर्गात बघायचे. त्यांना सगळी शाळा शिव्या घालायची.”

ताटावरून उठायच्या आत माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला आणखी एक नियम दिला. डबीत एजंटांना बसायला जितक्या जागा, तितके बारीक दिवे डबीच्या तोंडावर. एक बटण. कुणीही ते दाबलं की ज्या जागेवर एजंट बसलेला असेल तिचा दिवा लागणार. दिव्यांशेजारी चित्रं चिकटवायची: उभा धागा, आडवा धागा, मोटर, बल्ब, घड्याळ. आणि ज्याचा दिवा नाही त्याला मुकादम पाळीच देणार नाही. मुकादमाचा हा भाग रेडिओवरून बदलता येणार नाही अशी सोय केली. तो बदलायचा तर डबी उघडूनच, सगळ्यांसमोर.

भाईंनी दिव्यांची जागा बघितली, बोटांनी मोजलं, आणि न विचारता बोर्डाची नवी आखणी करायला घेतली. मी त्यांना म्हटलं, “काल तर तुम्ही म्हणत होता, आपण यंत्र विकतो.”

“घंटीवर होतो तेव्हा,” ते म्हणाले, “हिऱ्याचं वजन सकाळी देताना व्हायचं, संध्याकाळी घेताना व्हायचं. माझ्यासमोर काटा. मला कधी वाईट वाटलं नाही. मग एका शेठनं आमच्या डोक्यावर छतात काहीतरी लपवून बसवलं. ते सापडलं त्या दिवशी मी ते काम सोडलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “काल घरी जाताना आठवलं.”

शेठांकडून काही दिवस मागून घेतले आणि नमुना तयार झाल्यावर आम्ही दोघं मिळून बमरोलीला गेलो. मी शेठांना नमुना दाखवला. “घड्याळाचा एजंट मी बसवून देते. पण त्याचा दिवा लागेल, आणि तो काय करतो ते मी कारीगरांना सांगेन.”

“मग उपयोग काय?”

“माग किती वेळ बंद राहतो ते तुम्हाला कळेलच, शेठ. फक्त त्यांनाही माहीत असेल की तुम्हाला कळतं.”

शेठ वाईट माणूस नव्हते, पण त्या वेळी त्यांचा चेहरा घट्ट झाला. भाईंकडे वळून गुजरातीत म्हणाले, तुमच्या बेनना धंदा समजत नाही, तुम्ही समजावा.

भाई म्हणाले, “बेन जे बोलल्या ते माझंच बोलणं समजा.”

चहा आला होता, तो शेठांनी घेतला नाही. खालच्या हॉलमधल्या डब्या राहिल्या, पण वरच्या हॉलचं काम अजून व्हायचं होतं, ते त्यांनी दुसऱ्या एका माणसाकडून करून घेतलं. काळ्या रंगाच्या बंद डब्या, ना दिवा ना बटण.

ते काम गेलं म्हणून आम्ही हात बांधून बसलो नाही. इच्छापोरच्या एका कारखान्यात पाण्याचे पंप होते, त्यांना राखण हवी होती. मी त्याच डबीतले धाग्याचे एजंट उठवले आणि दाबाचा, पाण्याच्या पातळीचा, कोरड्या चालणाऱ्या पंपाचा असे नवे बसवले. मोटरचा एजंट होता तसाच कामाला आला, पंपालाही मोटरच असते. मुकादमाला हात लावावा लागला नाही. पंपवाल्यांच्या इंजिनिअरनं विचारलं, ही डबी मूळची कशासाठी बनवली होती? मी सांगितलं, कापडासाठी. त्याला वाटलं मी थट्टा करते.

दिवाळीत सुरतेची खाती बंद होतात आणि कारीगर गावाला जातात. परत येतात ते त्याच खात्यात येतील असं नसतं. त्या वर्षी दिवाळीनंतर बरेच दिवस झाल्यावर शेठांचा फोन आला.

“बेन, केम छो,” वगैरे झालं. मग म्हणाले, “वरच्या हॉलमध्ये तुमच्या बटणवाल्या डब्या लावा.”

“काळ्या डब्यांचं काय झालं?”

“काढी नाख्या,” ते म्हणाले. काढून टाकल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही. ते मला खालच्या हॉलमधल्या धुळ्याच्या काकांकडून कळलं. वरच्या हॉलमध्ये एकेकाला ऑफिसात बोलावून विचारायला सुरुवात झाली होती, अमुक वेळी कुठे होतास. यांना कसं कळतं, हे कुणाला समजेना. मग कुणीतरी एक काळी डबी उघडून बघितली आणि ती गुपचूप वेळ लिहून पाठवते हे सगळ्यांना कळलं. गावाला गेलेल्यांपैकी वरच्या हॉलचे अर्धेअधिक परतलेच नाहीत, शेजारच्या खात्यांत लागले. खालच्या हॉलचे बहुतेक सगळे आले होते.

वरच्या हॉलमध्ये डब्या लावायच्या दिवशी मी माग बंद ठेवून सगळ्यांना जमवलं. प्रत्येक चित्र दाखवलं. घड्याळाचं चित्र दाखवून हिंदीत सांगितलं की हा माग किती वेळ बंद होता ते लिहितो, आणि ते शेठांना दिसतं. थोडी कुजबुज झाली. मग मी डबीवरची आणखी तीन बटणं दाखवली. माग बंद पडला की का बंद पडला ते तुम्ही सांगायचं: धागा, बॉबिन नाही, बीम नाही. ज्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात तो मोठा रूळ म्हणजे बीम. शेठ दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना ही बटणं मी आधी सांगितली नव्हती, तरी त्यांनी अडवलं नाही.

महिनाभरानं आम्ही ऑफिसात बसून मोबाईलवर ते बघितलं. माग बंद राहायचे ते मुख्यतः बॉबिन आणि बीमची वाट बघत. चहाबिडीचा वेळ त्यामानानं किरकोळ होता. शेठ बराच वेळ पडदा वरखाली करत राहिले. मग बॉबिन भरणाऱ्या विभागाच्या माणसाला हाक मारली आणि त्याला विचारलं, तुझ्याकडे माणसं कमी आहेत का? तो म्हणाला, केव्हाची कमी आहेत. त्यानंतर तिथे माणसं वाढली. शेठांनी मला कधी ‘तुमचं बरोबर होतं’ म्हटलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, “बेन, सूत खराब आलं असेल तर ते सांगणारा एजंट होतो का?”

“होतो की,” मी म्हणाले. झालाही.

आता दोन्ही हॉलमध्ये भोंगा जवळजवळ कुणाच्याच डबीत उरला नव्हता. दिवाच होता. एक दिवस जिन्यात उभी असताना माझ्या लक्षात आलं की या माणसांना आता काम करायला कानांची गरजच राहिलेली नाही. मग ते उघडे कशाला ठेवायचे? कानात घालायची रबरी बुचं मिळतात, ती घातली की खडखडाट पुष्कळ कमी होतो. पूर्वी दिली असती तर कुणी घातली नसती, भोंगा ऐकू आला नसता. मी शेठांशी बोलले. त्यांनी वाद न घालता सगळ्यांसाठी मागवायला सांगितली.

बुचांचं खोकं घेऊन मी आधी धुळ्याच्या काकांकडे गेले. त्यांनी एक जोडी हातात घेतली, दाबून बघितली, परत फुगलेली बघून त्यांना गंमत वाटली. मी कानाकडे खूण केली. त्यांनी मान हलवली.

“मना काय कामनं नही आते,” ते म्हणाले. “त्यास्ले दे.” माझ्या आता काय कामाची, त्यांना दे.

आणि मी पुढे व्हायच्या आधी त्यांनीच खोकं घेतलं आणि तरण्या विणकरांच्या रांगेत शिरले. एकजण हसून नको म्हणत होता. काकांनी त्याच्या मागाचा खटका खाली ओढून माग बंद केला, एक जोडी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि त्यानं दोन्ही कानांत बुचं नीट बसवेपर्यंत त्याच्यासमोरून हलले नाहीत. मग स्वतःच माग सुरू करून दिला आणि पुढच्याकडे गेले.